भटेरीचा कायदा

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिंजवडीतली किंवा बीकेसीतली काचेची इमारत उभी राहते. गळ्यात ओळखपत्र, एचआरचा ईमेल, वर्षातून एकदा सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण. ज्या घटनेतून हा कायदा आला ती मात्र एका खेड्यात घडली, आणि जिच्यामुळे तो आला त्या बाईला पगारही नव्हता, तुटपुंजं मानधन होतं. जयपूर जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव भटेरी. हे पुस्तक उघडणाऱ्या वाचकाने सुरुवात भटेरीपासून करावी अशी माझी इच्छा आहे. मूळ विसरलं की कायदा कोणासाठी केला होता याचाही विसर पडतो, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे नेमकं तेच झालं आहे.

भंवरीदेवी 1985 पासून राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. घरोघर जाऊन आरोग्य, मुलींची शाळा, हुंडा, बालविवाह यांबद्दल बोलायचं, बायकांना एकत्र आणायचं, असं ते काम. 1992 साली आखातीजच्या, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास सरकारने बालविवाह रोखायची मोहीम काढली. गावातल्या एका वजनदार घरात वर्षाचीही न झालेल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भंवरीदेवींनी ते थांबवायचा प्रयत्न केला. पोलीस आले, गेले, आणि लग्न लागलंच. त्यानंतर गावाने भंवरीदेवींच्या कुंभार कुटुंबावर बहिष्कार घातला. 22 सप्टेंबर 1992 रोजी शेतात काम करत असताना त्यांच्या नवऱ्याला मारहाण झाली आणि भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत दोन दिवस उलटले. 1995 साली खालच्या न्यायालयाने सगळ्या आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. वरच्या जातीचे, वयाने मोठे पुरुष असं करतील हे संभवत नाही, असा तर्क त्या निकालात होता. अपील उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिलं.

त्या वेळी महिला संघटनांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. ही बाई सरकारने सोपवलेलं काम करत होती. त्या कामामुळेच तिच्यावर हल्ला झाला. मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी काम देणाऱ्याची नाही का? ‘विशाखा’ आणि इतर संघटना हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने निकाल दिला. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश आणि पुढे तिथल्याच पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. समतेचा, सन्मानाने जगण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा मूलभूत अधिकार कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाने मोडतो, असं न्यायालयाने म्हटलं. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1993 मध्ये शिक्कामोर्तब केलं होतं. न्यायालयाने त्याचाही आधार घेतला आणि संसद कायदा करेपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती असावी, तिच्या प्रमुखपदी स्त्री असावी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया असाव्यात, बाहेरची एक सदस्य असावी, ही चौकट तिथे प्रथम आखली गेली.

हा निकाल मुळातून वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात भंवरीदेवींचं नाव नाही. राजस्थानातल्या एका खेड्यातल्या सामाजिक कार्यकर्तीवरील अत्याचार, एवढाच उल्लेख आहे, आणि तो वेगळ्या फौजदारी खटल्याचा विषय असल्याने त्याबद्दल अधिक बोलायची गरज नाही असं म्हटलेलं आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण देशातल्या कोट्यवधी स्त्रियांना ज्या लढ्यातून संरक्षण मिळालं, त्या लढ्यातल्या बाईला स्वतःसाठी काय मिळालं याचं उत्तर फार जड आहे.

या निकालाआधी काय परिस्थिती होती हे आजच्या तरुण वाचकाला सांगायला हवं. हाताशी होती ती भारतीय दंड संहितेतली विनयभंगाची कलमं. म्हणजे पोलीस ठाणं, आरोपपत्र, आणि संशयाला जागा न ठेवणारा पुरावा. 1988 साली चंदीगडमधल्या एका मेजवानीत पंजाबच्या पोलीस महासंचालकांनी, के. पी. एस. गिल यांनी, रूपन देओल बजाज यांच्याशी गैरवर्तन केलं. बजाज भारतीय प्रशासकीय सेवेत वरिष्ठ पदावर होत्या. वरिष्ठांकडे दाद मागून काही झालं नाही, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. गिल यांच्यावरचा दोष सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला 2005 साल उजाडलं. ज्या बाईच्या सहीने फायली हलत होत्या तिला सतरा वर्षं लागली. कारकून, परिचारिका, शिक्षणसेविका किंवा गोडाऊनमधली हमाल बाई त्या वाटेने गेलीच नसती, आणि जात नव्हतीच.

विशाखा निकालानंतर संसदेने कायदा करायला सोळा वर्षं घेतली. या सोळा वर्षांत मार्गदर्शक तत्त्वं जिवंत ठेवण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोटवाल-लेले यांचं नाव महाराष्ट्राने अभिमानाने घ्यावं असं आहे. समित्या कागदावरही नाहीत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं. त्यांच्याच याचिकेत 2004 मध्ये न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली : समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानायचा. म्हणजे समितीपुढे एकदा सगळं सांगून झाल्यावर तेच पुन्हा खात्याच्या चौकशी अधिकाऱ्यापुढे सांगायला लावणं बंद. ज्यांनी ही दुहेरी चौकशी पाहिली आहे त्यांनाच या एका वाक्याची किंमत कळेल. 2012 मध्ये त्या याचिकेचा अंतिम निकाल लागला. त्याच वर्षअखेरीस दिल्लीत घडलेल्या अत्याचाराने देश हादरला, आणि 2013 च्या फेब्रुवारीत रखडलेलं विधेयक संसदेत मंजूर झालं. 22 एप्रिलला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 9 डिसेंबर 2013 पासून कायदा लागू झाला.

कायद्याच्या व्याख्या शांतपणे वाचाव्यात. त्या अपेक्षेपेक्षा कितीतरी रुंद आहेत. ‘कर्मचारी’ या शब्दात कायम, हंगामी, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, विनावेतन स्वयंसेवक, सगळ्या येतात. कंत्राटदाराने आणलेली बाई मूळ मालकाला ठाऊकही नसली तरी ती कर्मचारीच. तक्रार करणारी तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. रुग्णालयात आलेली रुग्ण, बँकेत आलेली ग्राहक हीही तक्रार करू शकते. ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे कार्यालय, कारखाना, रुग्णालय, क्रीडासंकुल, कामासाठी जिथे जावं लागतं ती प्रत्येक जागा, मालकाने पुरवलेलं वाहन, आणि घरकामगार बाईसाठी तर दुसऱ्याचं घरसुद्धा. छळाच्या व्याख्येत नकोसा स्पर्श आहे, शरीरसुखाची मागणी आहे, अश्लील शेरे आहेत, अश्लील चित्रं दाखवणं आहे, आणि न बोलता केलेलं लैंगिक स्वरूपाचं नकोसं वर्तनही आहे. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे ही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 सालीच एका निर्यात परिषदेतल्या प्रकरणात सांगितलं होतं. तिथे उच्च न्यायालयाने, अधिकाऱ्याने फक्त प्रयत्न केला, प्रत्यक्ष काही केलं नाही, असं म्हणून त्याची बडतर्फी रद्द केली होती. ती बडतर्फी पुन्हा कायम झाली.

दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरच्या संस्थेतली, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. चौकशी 90 दिवसांत संपवायची, अहवाल दहा दिवसांत द्यायचा, मालकाने 60 दिवसांत त्यावर कृती करायची. चौकशी चालू असताना तक्रारदार बाई तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागू शकते, स्वतःची किंवा आरोपिताची बदली मागू शकते. कोणत्याही बाजूने वकील उभे करता येत नाहीत. समिती नेमलीच नाही तर मालकाला 50 हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट शिक्षा आणि परवाना जाण्यापर्यंत वेळ.

कागदावर हे असं आहे. बाह्य सदस्य म्हणून समित्यांवर काम करताना मला जे दिसत आलं आहे त्यातली एक गोष्ट जरा तपशिलाने सांगते, कारण ती कोणत्याही कलमात सापडणार नाही.

तक्रार लेखी हवी. बाई अर्ज लिहून आणते. त्यात असतं : ‘साहेब माझ्याशी नीट वागत नाहीत. नको तसं बोलतात. मला काम करणं अशक्य झालं आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.’ खाली सही. चार वाक्यांत सगळं सांगून झालं असं तिला वाटत असतं, कारण याहून जास्त लिहायला हात रेटत नाही. हाच अर्ज जसाच्या तसा समोरच्या माणसाला पाठवला तर त्याचं उत्तर ठरलेलं : आरोप मोघम आहेत, कामात चुका काढल्या म्हणून राग काढला आहे. आणि प्रकरण तिथेच खचतं. म्हणून तिच्यासमोर बसायचं आणि हळूहळू विचारायचं. कधी? ‘असंच, नेहमी.’ शेवटचं कधी? ‘गेल्या महिन्यात, ऑडिटच्या आठवड्यात.’ कुठे? ‘रेकॉर्ड रूममध्ये.’ नेमकं काय म्हणाले? इथे ती थांबते. खाली बघते. आपण घाई करायची नाही, शब्द तिच्या तोंडात घालायचे नाहीत. हवं तर तिने स्वतः कागदावर लिहावं. मग ते वाक्य येतं, जसं त्याने उच्चारलं होतं तसं. मग कळतं की दाराशी शिपाई उभा होता, त्या संध्याकाळी तिने मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. मोघम अर्जातून तारीख, जागा, वाक्य, साक्षीदार आणि हजेरीपत्रकाची नोंद निघते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, असं कायदाच म्हणतो. बहुतेक समित्या हे वाक्य वाचून पुढे जातात. मला ते सगळ्या कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं वाक्य वाटतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू आरोपित माणसाची आहे, आणि ती टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. तक्रारीची प्रत त्याला मिळाली पाहिजे, उत्तराला मुदत मिळाली पाहिजे, साक्षीदार आणता आले पाहिजेत. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने शेवटच्या टप्प्यात इतक्या घाईने सुनावण्या उरकल्या की प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधीच मिळाली नाही. 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बडतर्फी रद्द केली आणि घाई झाली त्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा करायला सांगितलं. तक्रारी 2009 च्या. इतक्या वर्षांनी पुन्हा चौकशी! चौकशीतली घाई शेवटी तक्रारदार मुलींच्याच मुळावर आली. समितीवर बसणाऱ्या प्रत्येकीने हा निकाल वाचायलाच हवा. कळकळ असणं पुरत नाही, नोटिशीची पोच फायलीला लावलेली असावी लागते.

‘खोट्या तक्रारींचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांत येतो. कायद्याच्या चौदाव्या कलमात हेतुपुरस्सर खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूद आहे. त्याच कलमात हेही आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, आणि दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशीनेच सिद्ध व्हावा लागतो. भिंतीवरच्या फलकावर पहिला भाग ठळक अक्षरांत असतो, दुसरा नसतोच. दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जानेवारी 2013 च्या अहवालात या कलमावर कडक टीका केली होती. मालकाच्याच छत्राखालची अंतर्गत समिती नको, स्वतंत्र न्यायाधिकरण हवं, असंही त्या अहवालात होतं. संसदेने दोन्ही ऐकलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की वर्मा समितीचं म्हणणं बरोबर होतं. ज्याच्यावर आरोप आहे तोच वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणारा असेल, तर त्याच कार्यालयातल्या सदस्यांनी निर्भय राहावं ही अपेक्षा सगळ्यांकडून पुरी होत नाही. तक्रारीची मुदतही तोकडी आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिने, आणि समितीने कारण नोंदवून वाढवली तर आणखी तीन. नवऱ्याला सांगावं की नाही, नोकरी राहील की जाईल, या विचारातच तीन महिने सरतात.

आता पुन्हा भटेरीकडे. जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे दाद मागायची ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. घरकामगार, वीटभट्टीवरच्या, छोट्या दुकानातल्या, डॉक्टरांच्या दवाखान्यात एकट्याच काम करणाऱ्या बायका, या सगळ्यांचा हा एकमेव दरवाजा. प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी असावा, त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवावी, अशी रचना आहे. या समितीच्या सदस्यांना नियमांत ठरवलेला भत्ता दिवसाला 200 रुपये, अध्यक्षांना 250. 2013 चे नियम आहेत. एवढ्यावरून व्यवस्थेने या समितीला किती महत्त्व दिलं ते कळतं. सर्वोच्च न्यायालयाला 3 डिसेंबर 2024 रोजी पुन्हा आदेश काढावा लागला की सगळ्या जिल्ह्यांत जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या नेमा, तालुक्यांत नोडल अधिकारी नेमा. कायदा लागू होऊन तेव्हा अकरा वर्षं होत आली होती.

बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचा विचार करा. नवराबायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून घेतलेली, फड पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, पहाटे मोळ्या बांधायच्या आणि रात्री अवेळी ट्रक भरायला उठायचं. मुकादमाने, ट्रॅक्टरवाल्याने किंवा शेतमालकाने हात धरला तर त्या बाईने कोणाकडे जायचं? कायद्याच्या व्याख्येत फड हे कामाचं ठिकाण आहे आणि ती कर्मचारी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या जिल्ह्यात फड आहे तिथे ती परकी, उचल फिटल्याशिवाय तोंड उघडायची सोय नाही, आणि स्थानिक समिती नावाची काही वस्तू असते हे तिला कोणी सांगितलेलं नाही. साखर कारखान्याच्या गेटवर त्या तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावायला किती खर्च येईल? आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका तर थेट भंवरीदेवींच्याच वारस. मानधनावर सरकारी काम, घरोघर फिरणं, अवेळी बोलावणी, आणि पाठीशी अधिकारी उभा राहील याची खात्री नाही.

हे पुस्तक मराठीत, सोप्या भाषेत आणि प्रत्यक्ष अर्जांच्या नमुन्यांसह निघतं आहे याचा मला म्हणूनच फार आनंद आहे. कायद्यावरची बहुतेक सामग्री इंग्रजीत आणि एचआर विभागांसाठी लिहिलेली असते. इथे तक्रार कशी लिहावी, समितीपुढे काय विचारलं जाईल, पोलिसांकडे जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 75 काय सांगतं, समितीचा निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील कसं करायचं, हे सगळं पायरीपायरीने आलं आहे. समितीवर नेमल्या गेलेल्या आणि कोणतंही प्रशिक्षण न मिळालेल्या सदस्यांनाही त्याचा तेवढाच उपयोग होईल. पुरुष वाचकांनी साक्षीदारांवरचं प्रकरण जरूर वाचावं. रेकॉर्ड रूमच्या दाराशी उभा असलेला शिपाई खरं बोलला की प्रकरण उभं राहतं, आणि तो बहुतेक वेळा पुरुष असतो.

वाचकांकडे माझी एकच मागणी आहे. पुस्तक वाचून झाल्यावर तुमच्या कार्यालयातला समितीचा फलक बघा. त्यावरची नावं बदलून गेलेल्यांची किंवा निवृत्त झालेल्यांची असतील तर ते लेखी कळवा, समितीची मुदत तीन वर्षांचीच असते. मग तहसील कार्यालयात जा आणि तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव विचारा. नाव मिळालं तर ते तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंना, गावातल्या आशाताईंना, ऊसतोड टोळीतल्या बायकांना लिहून द्या. नाव मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.